इंग्रजीच्या तासाला साहित्यावर चर्चा: क्रियापदापासून सुरुवात करा

आपल्याकडे इंग्रजीच्या तासाला कविता कशी शिकवली जाते हे वेगळं सांगायला नको. सर कविता वाचतात, ओळीओळीचा मराठीत अर्थ सांगतात, फळ्यावर फिगर्स ऑफ स्पीच लिहून देतात आणि शेवटी 'थीम' डिक्टेट करतात. बारावीच्या पेपरात कवितेचं अ‍ॅप्रिसिएशन लिहायला येतं, तेव्हा तीच थीम आणि तेच अलंकार उत्तरपत्रिकेत जसेच्या तसे उतरतात. मार्कही पडतात. या सगळ्यात मुलानं कविता वाचलेली असतेच असं नाही, आणि नसली तरी ते कुठे उघडं पडत नाही.

नव्यानं शिकवायला लागलेल्या बऱ्याच जणांना हे बदलायचं असतं. मग ते मोठ्या उत्साहानं कविता वाचून दाखवतात आणि विचारतात, "सो, व्हॉट डू यू थिंक?" वर्ग गप्प. पुढच्या बाकावरचे दोघं काहीतरी बोलतात, बाकीचे वहीत बघत बसतात. असं दोनतीनदा झालं की शिक्षक मुकाट्यानं डिक्टेशनवर परत येतात आणि 'आमच्या मुलांना बोलताच येत नाही' असं स्टाफरूममध्ये सांगू लागतात.

मुलांना बोलता येतं. अडचण प्रश्नाची आहे. 'काय वाटतं' याचं उत्तर द्यायला एकाच वेळी तीन गोष्टी लागतात: कविता कळलेली असणं, तिच्याबद्दल स्वतःचं मत असणं आणि ते भरल्या वर्गात इंग्रजीतून मांडायचं धाडस. पहिल्या पाच मिनिटांत यातलं एकही कुणाकडे नसतं. त्याउलट एक गोष्ट जवळजवळ सगळ्यांकडे असते, ती म्हणजे व्याकरण. 'डू अ‍ॅज डायरेक्टेड' सोडवून सोडवून मुलं इतकी तयार झालेली असतात की वाक्यातलं क्रियापद कुठलं, कर्ता कोण, वाक्य अ‍ॅक्टिव्ह की पॅसिव्ह, हे मागच्या बाकावरचा मुलगाही सांगतो. फक्त व्याकरणाचा तास वेगळा आणि कवितेचा वेगळा, अशी भिंत आपण घालून ठेवली आहे. ती पाडा. शैलीचं विश्लेषण म्हणजे मोठं काही नसतं. लेखकानं हाच शब्द, हीच वाक्यरचना का घेतली आणि त्यानं काय झालं, एवढाच तो प्रश्न. तो क्रियापदापासून विचारायला सुरुवात केली की चर्चा चालते.

कनिष्ठ महाविद्यालयात किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकवणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून, एक कविता घेऊन सगळ्या पायऱ्या सांगतो. कविता आहे निस्सीम इझिकेल यांची 'नाइट ऑफ द स्कॉर्पियन', 1965 सालच्या 'द एक्झॅक्ट नेम' या संग्रहातली. इझिकेल (1924–2004) मुंबईचे, बेने इस्रायली या ज्यू समाजातले. या समाजाची घरची भाषा पिढ्यान्‌पिढ्या मराठी. कवितेत आईला विंचू चावतो, गावकरी जमतात, वडील औषधं करतात, मांत्रिक मंत्र म्हणतो आणि वीस तासांनी विष उतरतं. गोष्ट पहिल्या वाचनात कळते, म्हणून नवशिक्या शिक्षकाला ही कविता फार सोयीची. गोष्ट समजावण्यात तास जात नाही.

१. आदल्या दिवशी स्वतःची प्रत तयार करा

कवितेची मोठ्या अक्षरातली, ओळींना क्रमांक दिलेली प्रत काढा. ओळक्रमांक विसरू नका, चर्चेत "कुठे?" असं विचारल्यावर मुलाला बोट ठेवता आलं पाहिजे. शक्य असेल तर वर्गात वाटायच्या झेरॉक्सवर कवीचं नाव आणि पुस्तकातली प्रस्तावना ठेवू नका. इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्‌स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून टाकलेल्या कविता वाचायला दिल्या होत्या. मुलांनी काय काय लिहिलं आणि चांगले वाचकही कुठे कुठे घसरले, हे त्यांनी 1929 साली 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या पुस्तकात मांडलं. त्यातलं एक निरीक्षण आपल्या वर्गाला तंतोतंत लागू आहे: समोरचा मजकूर न वाचता वाचक मनात आधीच तयार असलेली प्रतिक्रिया काढून देतो. आपल्याकडे कवितेत आई दिसली की 'आईची माया' ही प्रतिक्रिया तयारच असते. पाठ्यपुस्तकाच्या प्रस्तावनेत ती छापलेलीही असते. ती आधी वाचली की मुलं पुढचं काही बघत नाहीत.

आता पेन्सिल घेऊन तुमच्या प्रतीत प्रत्येक पात्राची क्रियापदं खुणा करून वेगळी काढा. हे तुम्ही स्वतः केलेलंच असलं पाहिजे. वर्गात पहिल्यांदा करायला जाऊ नका. त्यानंतर प्रश्न लिहा, पण तीनच. नवे शिक्षक वीस प्रश्न लिहून नेतात आणि मग ते संपवायच्या मागे लागतात.

अडणारे शब्द आधीच काढून ठेवा: डायबॉलिक, स्केप्टिक, रॅशनलिस्ट, इन्कँटेशन. कवितेतलं 'पॅराफिन' म्हणजे आपलं रॉकेल. हे सांगितलं नाही तर मुलं मेणबत्तीचं मेण समजतात आणि वडील आईच्या बोटावर मेण का ओततात यावर पाच मिनिटं जातात. शब्दार्थ फळ्याच्या कोपऱ्यात लिहून मोकळे व्हा. शब्दार्थ चर्चेचा विषय नाही.

२. दोनदा वाचा, मध्ये समजावू नका

पहिलं वाचन तुमचं. थांबून अर्थ सांगायचा मोह आवरा. दुसरं वाचन मुलांचं, पण ओळ संपली की दुसऱ्यानं वाचायचं असं नाही. पूर्णविराम आला की पुढच्यानं. या कवितेत वाक्यं एका ओळीतून दुसरीत सांडत जातात, त्यामुळे कुणाच्या वाट्याला एवढंसं वाक्य येतं, कुणाच्या वाट्याला संपता न संपणारं. वाक्याची लांबी ही शैलीतली गोष्ट आहे हे मुलांना न सांगता इथेच कळून जातं.

गावकऱ्यांचा भाग आला की आणखी एक गंमत करा. तिथे 'मे...' नं सुरू होणारी वाक्यं ओळीनं येतात आणि 'दे सेड' पुन्हा पुन्हा येतं. एकानं वाक्यं वाचायची आणि सगळ्या वर्गानं 'दे सेड' म्हणायचं. वर्ग हसतो, हसू द्या. तिसऱ्या-चौथ्यांदा 'दे सेड' म्हणताना त्या घरात जमलेल्या गर्दीचा आवाज वर्गातच उभा राहतो. पुनरावृत्तीवर तुम्ही कितीही चांगलं व्याख्यान दिलंत तरी हे होणार नाही.

३. पहिला प्रश्न: कुणाला कुठली क्रियापदं मिळाली?

वर्गाचे पाच भाग करा, बाकांच्या रांगांप्रमाणे. एका रांगेकडे आई, दुसरीकडे वडील, तिसरीकडे गावकरी, चौथीकडे विंचू आणि पाचवीकडे कवितेतला 'मी'. शेजारच्याशी बोलून आपल्या पात्राची क्रियापदं शोधायची, चार मिनिटं. या वेळात मराठीतच बोलणार, बोलू द्या. फळ्यावर मात्र इंग्रजी शब्दच चढतील, आणि ते सगळे कवितेतलेच असल्यामुळे चुकायची भीती नाही. आयुष्यात इंग्रजीच्या तासाला तोंड न उघडलेली मुलगी इथे 'ट्विस्टेड' एवढा एक शब्द तरी सांगते. तेवढंही पुरे. एकदा तोंड उघडलं की पुढच्या तासाला ती वाक्य बोलते.

फळ्यावर साधारण असं जमतं. गावकरी: केम, बझ्ड, सर्च्ड, क्लिक्ड, सॅट, आणि सेड, सेड, सेड. वडील: ट्राइंग, पोअर्ड, पुट. 'मी': रिमेंबर, वॉच्ड, वॉच्ड. विंचू: क्रॉल, रिस्क्ड. आई: वॉज स्टंग, ट्विस्टेड, ग्रोनिंग, आणि शेवटी एकदाच सेड.

आता फळ्यापासून बाजूला व्हा आणि विचारा, "व्हॉट डू यू नोटिस?" हा प्रश्न 'काय वाटतं'पेक्षा सोपा आहे, कारण उत्तर समोर फळ्यावर दिसतंय. पहिलं उत्तर बहुतेक मोजणीचं येतं: गावकऱ्यांना सगळ्यांत जास्त क्रियापदं, आणि त्यातली बरीच नुसती बोलण्याची. मग कुणीतरी म्हणतं, कवितेतला 'मी' काहीच करत नाही, नुसता बघतो. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की आईचं पहिलं क्रियापद पॅसिव्ह आहे. ज्या मुलानं शेकडो वाक्यांचं व्हॉइस बदललं आहे, त्याला पॅसिव्ह कवितेतही असतो आणि तिथे त्याला काही काम असतं, हे पहिल्यांदाच दिसतं.

वडिलांच्या वाक्यावर थोडा वेळ काढा. 'माय फादर, स्केप्टिक, रॅशनलिस्ट' असं वाक्य सुरू होतं आणि पुढे 'ट्राइंग' येतं. मुख्य क्रियापद कुठे आहे? नाहीच. व्याकरणाच्या पेपरात हे वाक्य अपूर्ण ठरेल. बुद्धिवादी माणूस शाप, आशीर्वाद, पूड, काढा, जे सापडेल ते करून बघतोय, आणि त्याच्या त्या सगळ्या धडपडीला पूर्ण झालेलं क्रियापद मिळत नाही. हे मुलांनी शोधलं तर उत्तम; नाही शोधलं तर "इज धिस अ कम्प्लीट सेंटेन्स?" एवढंच विचारा. उत्तर सांगू नका.

क्रियापदं मोजणं म्हणजे पोरखेळ, असं वरिष्ठांपैकी कुणी म्हणालं तर त्यांना हॅलिडेंचं उदाहरण द्या. भाषावैज्ञानिक एम. ए. के. हॅलिडे यांनी 1971 साली विल्यम गोल्डिंगच्या 'द इन्हेरिटर्स' (1955) या कादंबरीच्या भाषेवर एक गाजलेला लेख लिहिला. त्यात त्यांनी केलं ते हेच: कोण काय करतं आणि कुणावर करतं याचा वाक्यावाक्यात हिशेब. कादंबरीतला 'लोक' नावाचा आदिमानव समोरचा माणूस धनुष्य ताणताना बघतो, पण त्याला दिसतं ते एवढंच की एक काठी दोन्ही टोकांनी आखूड होऊ लागली. कुणी तरी काहीतरी करतंय हे त्याच्या वाक्यांत बसतच नाही. शैलीविज्ञानाच्या अभ्यासात हा लेख आजही वाचला जातो.

४. प्रश्न विचारल्यावर थांबा

हे लिहायला सोपं आणि वर्गात फार अवघड आहे. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांचं ध्वनिमुद्रण ऐकून शिक्षक प्रश्नानंतर किती थांबतात ते मोजलं. सरासरी एक सेकंदाच्या आसपास. थांबणं तीन सेकंदांवर नेल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलायला लागली. त्यांचा याविषयीचा लेख 1974 सालचा. तिथे मुलं स्वतःच्याच भाषेत उत्तर देत होती. आपली मुलं मराठीत विचार करून इंग्रजीत बोलणार, म्हणजे तीन सेकंदही कमीच. मनातल्या मनात दहा अंक मोजा आणि तोपर्यंत प्रश्न दुसऱ्या शब्दांत पुन्हा विचारू नका. त्यानं मुलाचा चालू असलेला विचार तुटतो. खिडकीबाहेर बघा, डस्टर झटका, काहीही करा.

थांबायचं आणखी एक ठिकाण आहे, आणि तिकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं: मुलाचं उत्तर आल्यानंतर. आपण लगेच 'व्हेरी गुड' म्हणतो आणि चर्चा तिथेच मिटते, कारण बरोबर उत्तर सापडलं असं वर्ग समजतो. 'व्हेरी गुड' गिळा. मान हलवा आणि दुसऱ्या कुणाला तरी विचारा, "ती काय म्हणाली, तुझ्या शब्दांत सांग." यानं दोन कामं होतात. मुलं एकमेकांचं ऐकायला लागतात, आणि पुढच्या बाकावरचा बोलका विद्यार्थी तास खात नाही.

उभं कुठे राहायचं हेही ठरवा. पुढच्या बाकावरचा बोलत असेल तेव्हा तुम्ही वर्गाच्या मागे जा. त्याला मोठ्यानं बोलावं लागतं, आणि तो तुमच्याशी न बोलता सगळ्यांशी बोलतो.

५. शब्द बदलून पाहा

नुसतं 'नोटिस' करून विश्लेषण होत नाही. इथून पुढचा प्रश्न 'मग काय?' हा आहे. तो थेट विचारला तर मुलं पुन्हा गप्प होतात. त्यापेक्षा शब्द बदला. पहिल्या वाक्यात आईला विंचू चावला हे 'माय मदर वॉज स्टंग' असं आहे. फळ्यावर त्याचं अ‍ॅक्टिव्ह लिहा: 'अ स्कॉर्पियन स्टंग माय मदर'. दोन्ही वाचा. काय बदललं? पहिल्यात आई आधी येते, दुसऱ्यात विंचू. हे मुलं सांगतात, आणि एकदा एवढं सांगितलं की बाकीचं त्यांचं ती ओढून आणतात.

तसंच 'बझ्ड'च्या जागी 'सेड' घाला. माश्यांच्या थव्यासारखे आलेले गावकरी देवाचं नाव 'बझ' करतात. 'सेड' म्हटलं असतं तर? आणि विंचवासाठी 'ही' आणि 'हिम' वापरलं आहे. 'इट' घालून बघा. हे जोड्या-जोड्यांनी करायला द्या, प्रत्येक जोडीला एक बदल.

सगळ्यांत मोठं घबाड मात्र कवितेच्या शेवटी आहे. आईचं एकुलतं एक बोलणं: देवाचे आभार, विंचवानं मला निवडलं आणि माझ्या मुलांना सोडलं. गाइडमध्ये याच्यापुढे 'मदर्स सेल्फलेस लव्ह' असं लिहून पूर्णविराम दिलेला असतो. ते खोटं नाही. पण वाक्याकडे बघा: 'पिक्ड' आणि 'स्पेअर्ड' ही दोन्ही क्रियापदं कुणाची? विंचवाची. आई या वाक्यात 'आय' म्हणून कर्ता झालेलीच नाही. तिच्या वाट्याला आलंय इंग्रजी 'मी' (me), म्हणजे कर्म, तिच्यावर झालेलं काहीतरी. ज्यांची क्रियापदं वर्गानं गोळा केली ते गावकरी, वडील, शिवाय मांत्रिक, सगळे रात्रभर तिच्याभोवती काहीतरी करत होते. तिला बोलायची संधी मिळाली तेव्हाही तिनं वाक्याची सूत्रं विंचवाच्या हातात दिली. हे श्रद्धा म्हणून वाचायचं, सवय म्हणून, की आईपण म्हणून? इथे वर्ग दोन तट करून भांडतो, आणि भांडायलाच हवा.

अलंकारांची नावं या सगळ्यात कुठे आली? आलीच नाहीत, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. 'सिमिली' असं नाव दिलं की मुलाला वाटतं काम झालं. उपमा, अनुप्रास, चेतनगुणोक्ती हे सगळं ती दहावीपर्यंत मराठीत शिकून आलेली असतात. परीक्षेसाठी नाव लागतं, तर तासाच्या शेवटच्या दोन मिनिटांत द्या. आधी माश्या दिसू द्या, नाव मागून.

६. एक खरा प्रश्न, ज्याचं उत्तर तुम्हांलाही नक्की माहीत नाही

तीन प्रश्नांपैकी शेवटचा असा हवा. या कवितेसाठी माझा प्रश्न: कवी गावकऱ्यांची थट्टा करतोय का?

हो म्हणणाऱ्यांकडे पुरावा आहे. माश्या, बझ्ड, जिभांचं 'क्लिक्‌क्लिक'. कंदिलांच्या उजेडात भिंतीवर विंचवाच्या राक्षसी सावल्या पडतात, आणि ते कंदील गावकऱ्यांनीच आणलेले. नाही म्हणणाऱ्यांकडेही आहे. त्यांच्या चेहऱ्यांवर समजुतीची शांती आहे, असं कवीच म्हणतो. ते जे काही म्हणतात ते आईच्या भल्यासाठी. आणि त्यांची थट्टा असेल तर रॉकेल ओतून काडी लावणाऱ्या बुद्धिवादी वडिलांचं काय? त्यांचाही इलाज लागू पडत नाही. शिवाय 'मी' निकाल देत नाही, तो नुसता बघतो.

इथे नियम एकच ठेवा आणि कडकपणे पाळा: मत मांडायचं तर सोबत ओळक्रमांक आणि शब्द हवा. 'कारण गावाकडचे लोक अंधश्रद्धाळू असतात' हे कवितेतलं वाक्य नाही, ते बाहेरून आणलेलं आहे. गावातून रोज एसटीनं येणारी मुलं वर्गात असतील तर या वाक्यावर ती चिडतात, आणि चिडणं रास्त आहे. त्यांना म्हणा, कवितेतून उत्तर दे. देतात.

विंचू म्हटलं की वर्गातले अर्धे हात वर होतात. कुणाच्या काकाला चावला होता, कुणाच्या गावात मंत्र घालणारा आहे, कुणाची आजी विंचू हातात धरते. तीनचार मिनिटं हे चालू द्या. ज्याला इंग्रजी येत नाही त्याला कवितेत शिरायचा तो दरवाजा आहे. कोकणात लाल विंचवानं किती माणसं जात आणि महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून ती कशी वाचवली, हेही सांगण्यासारखं आहे, कारण वीस तासांत विष आपोआप उतरतं असा समज घेऊन कुणी घरी जाऊ नये. त्यानंतर म्हणा, "नाऊ बॅक टू द पेज." हे म्हटलं नाहीत तर तास विंचवातच संपेल.

चुकीचं वाचन आणि वेगळं मत यांत फरक करायला मात्र शिका. 'आई मरते' हे वेगळं मत नाही; ते चुकीचं वाचन आहे. त्याला 'कुठल्या ओळीत?' विचारून ती ओळ मोठ्यानं वाचायला लावा, मूल स्वतःच दुरुस्त करतं. 'सगळ्यांची मतं बरोबर असतात' असं म्हणू नका. मुलांना ते पटत नाही, आणि चर्चेतली हवाच निघून जाते.

७. तास संपायच्या आत लिहून घ्या

शेवटची आठ-दहा मिनिटं लिहिण्याची. चर्चा कितीही रंगली असली तरी ही मिनिटं मोडू नका. पाचसहा ओळींचा एकच परिच्छेद, इंग्रजीत: एक निरीक्षण, त्याचा कवितेतला शब्द, आणि त्यानं काय होतं. पहिल्या काही वेळांना सुरुवात तुम्ही द्या, उदाहरणार्थ 'द पोएट गिव्ह्ज द मदर ओन्ली अ फ्यू व्हर्ब्ज...' आणि पुढचं मुलांनी लिहायचं. तोंडानं मराठीत झालेली चर्चा इथे इंग्रजीत उतरते, आणि विचार आधीच झालेला असल्यामुळे मुलाला फक्त भाषेशी झगडायचं असतं.

तपासताना स्पेलिंग आणि टेन्सच्या सगळ्या चुका लाल करू नका. कागद रक्तबंबाळ झाला की पुढच्या वेळी मूल दोनच ओळी लिहितं. त्याऐवजी प्रत्येक 'ब्यूटिफुल', 'व्हेरी नाइस' आणि 'द पोएट वॉन्ट्स टू से'भोवती गोल करा आणि बाजूला लिहा: कुठे? कसं? बोर्डाच्या अ‍ॅप्रिसिएशनमध्ये कवितेच्या भाषेबद्दल, शैलीबद्दल आणि स्वतःच्या मताबद्दल लिहायला लागतंच. हे परिच्छेद तिथे उपयोगी पडतात, त्यामुळे पालकांनी विचारलंच तर सांगायला उत्तर तयार आहे.

गद्य असेल तर

पद्धत तीच, फक्त उतारा अर्ध्या पानापेक्षा मोठा घेऊ नका. पदवीच्या वर्गाला मी डिकन्सच्या 'ब्लीक हाउस'ची (1852–53) सुरुवात सुचवेन. पहिलं वाक्य एका शब्दाचं: 'लंडन.' दुसरा परिच्छेद धुक्याचा. नदीवर धुकं, जहाजांच्या दोरखंडांत धुकं, म्हाताऱ्या पेन्शनरांच्या डोळ्यांत आणि घशात धुकं, डेकवर कुडकुडणाऱ्या शिकाऊ पोराच्या बोटांना चिमटे काढणारं धुकं. त्या परिच्छेदातल्या एकाही वाक्याला मुख्य क्रियापद नाही. मुलं म्हणतात, सर, ही वाक्यं चूक आहेत. म्हणा, दुरुस्त करा. प्रत्येक वाक्यात 'वॉज' घालून मोठ्यानं वाचायला लावा. धुकं लगेच एका दिवसाचं, एका वेळेचं होऊन जातं. डिकन्सच्या मूळ वाक्यांत ते कधी सुरू झालं आणि कधी संपणार याचा पत्ताच नव्हता. एवढं झाल्यावर सांगा की हे धुकं ज्या न्यायालयाच्या दारापर्यंत जातं तिथला खटला पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. आधी सांगितलंत तर मजा गेली.

किती वेळा करायचं

प्रत्येक धड्याला हे करायला जाल तर पोर्शन पूर्ण होणार नाही, आणि प्राचार्यांची चिठ्ठी येईल. एका सत्रात दोन कविता आणि एक गद्य उतारा एवढाच निश्चय करा, बाकीचं नेहमीच्या पद्धतीनं उरका. शंभराच्या आसपास मुलं असतील तर पाच रांगांची वाटणी तशीच ठेवा, पण प्रत्येक रांगेतून एकच प्रतिनिधी फळ्यावर येऊन लिहील असं करा. कलकलाट होईल. शेजारच्या वर्गातल्या मॅडमना आधीच सांगून ठेवा.

ज्यांना उभं राहून बोलायचं नाही त्यांना चिठ्ठी लिहू द्या, नाव न घालता. पुढच्या तासाला त्यातल्या दोनतीन तुम्ही वाचा.

दुसऱ्या कवितेसाठी अरुण कोलटकरांच्या 'जेजुरी'तली (1976) 'अ‍ॅन ओल्ड वूमन' घ्या. या वेळी क्रियापदं सोडून सर्वनाम बघायला लावा. म्हातारी बाही धरते ती कुणाची? 'युअर'. कवितेत 'मी' कुठेच नाही, सगळं 'यू'. मुलांना 'यू'च्या जागी 'आय' घालून ती कविता पुन्हा लिहायला सांगा आणि शेवट दोन्ही प्रतींतून वाचून घ्या. जेजुरीला जाऊन आलेली दोनचार मुलं वर्गात असतीलच. त्यांना सगळ्यांत शेवटी बोलू द्या, नाहीतर विंचवाचं झालं तेच खंडोबाचं होईल.